ओंडक्यातल्या अळीचा चरित्रकार

हिवाळ्याच्या तोंडावर दक्षिण फ्रान्समधील सेरिन्यां या खेड्यातील एक उतारवयाचे गृहस्थ सरपण खरेदी करीत, तेव्हा लाकूडतोड्याला त्यांच्या मागणीचा अचंबा वाटे. कोणतेही गिऱ्हाईक टणक, वाळलेले आणि चांगले जळणारे लाकूड मागते. या गृहस्थांना मात्र साऱ्या ढिगातला सर्वांत जुना, सर्वांत पोखरलेला ओकचा ओंडका हवा असे. तो घरी आला की चुलीकडे न जाता अंगणात जाई. पाचर ठोकून त्याची शकले केली जात आणि आतल्या भुयारांतून बोटाएवढ्या जाडीच्या, पांढुरक्या, मऊ अळ्या बाहेर निघत. ज्या वस्तूकडे पाहून सामान्य माणूस किळसेने तोंड फिरवील, त्या वस्तूपुढे हे गृहस्थ तासन् तास बसून राहत. त्यांचे नाव ज्याँ आंरी फाब्र. कीटकांचे चरित्रकार म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या या माणसाचे आयुष्य बहुतांशी शाळामास्तरकीत आणि विवंचनेत गेले. त्या आयुष्याची आठवण आज करावयाची ती केवळ कौतुकापोटी नव्हे. एखाद्या प्राण्याची ओळख पटणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे आणि ते उत्तर शिक्षकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडणारे आहे.

कुजक्या लाकडात सापडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या ओळखणे हे कीटकशास्त्रातील अवघड कामांपैकी एक होय. पूर्ण वाढलेल्या भुंगेऱ्याला रंग असतो, कवच असते, मिशा असतात; टाचणीला टोचून पेटीत ठेवता येतो आणि पुस्तकातील चित्राशी ताडून पाहता येतो. अळीपाशी यांतले काहीच नसते. वरवर पाहणाऱ्याला सगळ्या अळ्या सारख्याच पांढऱ्या आणि सारख्याच कुरूप दिसतात. शिवाय तीच अळी काही काळाने सर्वस्वी वेगळे रूप घेऊन उडून जाते. तेव्हा अळीला नाव द्यायचे तर तिच्या रूपावर विसंबून भागत नाही. तिचे वागणे, तिचे अन्न, तिचा मार्ग आणि तिचा शेवट पाहावा लागतो. फाब्र यांनी हा धडा पुस्तकातून घेतला नाही. तो त्यांना परिस्थितीने शिकविला.

त्यांचा जन्म १८२३ च्या डिसेंबरात आव्हेरों प्रांतातील सें-लेओं या डोंगराळ खेड्यात झाला. घरची गरिबी इतकी की बालपणाची काही वर्षे आजीआजोबांच्या शेतावर काढावी लागली. वडिलांनी गावोगावी लहानसहान धंदे काढले आणि ते सारे बुडाले. मुलाचे शिक्षण अनेकदा तुटले. पोटासाठी मिळेल ते काम करावे लागले. अखेर आव्हिन्याँ येथील अध्यापक विद्यालयाची शिष्यवृत्ती त्यांनी स्पर्धेत मिळविली आणि १८४२ साली, वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, ते कार्पांत्रास येथे प्राथमिक शिक्षक झाले. वेतन वर्षाला ७०० फ्रँक. तेवढ्यात संसार चालविणे कठीण. तरीही मोजणीचा धडा शिकविण्यासाठी मुलांना माळावर नेले असता मुलांनीच दाखविलेल्या मातीच्या घरट्यातील मधमाशीने या तरुण शिक्षकाला असे वेड लावले की, कीटकांवरील एक सचित्र ग्रंथ विकत घेण्यासाठी त्यांनी जवळजवळ एका महिन्याचा पगार खर्च केला. ज्यांनी पगाराच्या दिवशी पुस्तकाच्या दुकानापुढे पाय रेंगाळू दिले आहेत, त्यांना या खर्चाचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढील पदव्या त्यांनी नोकरी सांभाळून, एकट्याने अभ्यास करून मिळविल्या. गणित आणि पदार्थविज्ञान हे त्यांचे अधिकृत विषय. १८४९ साली कॉर्सिका बेटावरील आझाक्सिओ येथे पदार्थविज्ञानाचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे मोकँ-तांदों या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना गोगलगायीचे विच्छेदन करून दाखविले. त्यासाठी लागलेली साधने म्हणजे पाण्याने भरलेली एक बशी आणि शिवणकामाच्या पेटीतील कात्री. प्रयोगशाळा नसली तरी शास्त्र अडत नाही, ही खूणगाठ त्या दिवशी बांधली गेली. १८५३ मध्ये ते आव्हिन्याँच्या विद्यालयात आले आणि १८५५ मध्ये पॅरिसच्या विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट त्यांनी संपादन केली.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना याच सुमारास घडली. लेओं द्युफूर या मान्यवर कीटकशास्त्रज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. एक जातीची गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी चकाकत्या पाठीचे बुप्रेस्टिस भुंगेरे बिळात साठविते आणि ते मेलेले भुंगेरे कित्येक दिवस कुजत नाहीत, असे द्युफूर यांना आढळले होते. माशी काहीतरी टिकाऊ द्रव टोचत असावी असा तर्क त्यांनी केला होता. फाब्र यांनी त्याच कुळातील दुसऱ्या माशीचा पाठलाग केला. तिची शिकार सोंडकिड्यांची होती. त्यांना दिसले ते असे की, शिकार मेलेली नसतेच. माशीचा दंश छातीतील मज्जाकेंद्रावर होतो आणि भुंगेरा लुळा पडतो. जिवंत असतो म्हणूनच कुजत नाही. त्यांनी स्वतः त्याच जागी अमोनियाचा एक थेंब सुईने सोडून तसाच परिणाम घडवून दाखविला. हे संशोधन १८५५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना पारितोषिक दिले. एका सामान्य मास्तराने ख्यातनाम शास्त्रज्ञाची चूक दुरुस्त केली होती आणि त्यासाठी त्याच्यापाशी उन्हात बसण्याची तयारी एवढेच भांडवल होते.

१८५७ चे त्यांचे संशोधन अळ्यांच्या ओळखीच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे. सिटॅरिस नावाचा भुंगेरा मधमाश्यांच्या घरट्यांत वाढतो. त्याची अंड्यातून निघालेली पहिली अळी चपळ, सहा पायांची आणि उवेसारखी असते. ती माशीच्या अंगावरील केसांना धरून बसते, माशीबरोबर घरट्यात शिरते आणि माशीचे अंडे खाते. त्यानंतर ती कात टाकते आणि मधावर तरंगणारी एक आंधळी, लठ्ठ अळी बनते. पुढे आणखी रूपे पालटून मग भुंगेरा होतो. याच कुळातील दुसऱ्या एका भुंगेऱ्याच्या पहिल्या अळीला पूर्वीच्या नामांकित अभ्यासकांनी माशीवरची ऊ समजून स्वतंत्र प्राणी म्हणून नावेही दिली होती. एकाच जीवाला तीन वेषांत पाहून तीन जीव मानणे किती सोपे आहे, हे फाब्र यांनी दाखवून दिले. काही धागे इतरांनीही हाती घेतले होते. पण सलग साखळी जुळवून दाखविण्याचे श्रेय त्यांचे. नाव बरोबर लागावयाचे तर जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब हाती हवा, हा या संशोधनाचा अर्थ.

कीर्ती आली, पण पैसा आला नाही. घरखर्चाला हातभार लागावा म्हणून मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीपासून शुद्ध तांबडा रंग काढण्याची रीत त्यांनी अनेक वर्षे खपून सिद्ध केली. ती हाती येते न येते तोच, १८६८ च्या सुमारास, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कृत्रिम रीतीने तयार केला आणि सारे श्रम पाण्यात गेले. याच काळात, १८६५ साली, रेशमाच्या किड्यांवरील रोगाचा तपास करण्यासाठी लुई पाश्चर त्यांच्याकडे आले होते. पाश्चर यांनी त्यापूर्वी रेशमाचा कोशही पाहिला नव्हता. तो कानाशी धरून हलवीत आत काही आहे काय, असे त्यांनी विचारले. फाब्र आधी चकित झाले. पण कोऱ्या पाटीने विषयाला भिडण्याचे धैर्य त्यांच्या मनात कायमचे ठसले. आपणही पुस्तकांवर विसंबू नये, थेट कीटकालाच विचारावे, असा निर्धार त्यांनी त्यातून केला.

शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांनी त्यांचे गुण ओळखले. १८६८ मध्ये त्यांना सन्मानचिन्ह देऊन तिसऱ्या नेपोलियनसमोर उभे करण्यात आले. द्युरुईंच्या प्रोत्साहनाने आव्हिन्याँत प्रौढांसाठी संध्याकाळचे मोफत वर्ग निघाले आणि त्यांत फाब्र मुलींनाही विज्ञान शिकवू लागले. फुलांमधील परागीभवन त्यांनी मुलींसमोर समजावून सांगितले, याचाच गावातील सनातन्यांना राग आला. मंत्री पदावरून गेल्यावर पाठबळ संपले. घरमालकिणींनी घर सोडावयास लावले, आणि अनेक वर्षांच्या नोकरीनंतर पाच मुलांचा हा बाप निवृत्तिवेतनाशिवाय रस्त्यावर आला. त्या वेळी आव्हिन्याँत राहणारे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी कोणताही कागद न करता ३००० फ्रँक उसने दिले. फाब्र ओरांझ येथे गेले आणि शालेय पुस्तके लिहून त्यांनी ते कर्ज फेडले. रसायन, आकाश, शेती, घरकाम अशा नाना विषयांवरील त्यांची सोपी पुस्तके फ्रान्समधील असंख्य मुलांनी वाचली. शिकविण्याची बंदी झालेल्या मास्तराने लेखणीने वर्ग चालू ठेवला, असेच म्हणावे लागेल.

१८७७ साली त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा झ्युल वारला. कीटकांच्या शोधात तोच त्यांचा सर्वांत उत्साही सोबती होता. त्या दुःखात वडिलांनी तीन नव्या गांधीलमाश्यांना मुलाचे नाव दिले. शास्त्रीय नावांच्या कोरड्या यादीत एका बापाचा शोक असा नोंदला गेला आहे. १८७९ मध्ये सेरिन्यांजवळ दगडगोट्यांनी भरलेली, काटेरी झुडपांनी व्यापलेली थोडी जमीन त्यांनी घेतली. अशा पडीक जमिनीला तिकडच्या बोलीत आर्मास म्हणतात. तेच त्या घराचे नाव झाले. शेतकऱ्याला नको असलेली ती जमीन कीटकांना हवी होती. त्याच वर्षी कीटकांविषयीच्या आठवणींचा पहिला खंड निघाला आणि १९०७ पर्यंत दहा खंड झाले.

ओंडक्यातल्या अळीची कथा यांपैकी चौथ्या खंडात येते. ओकच्या खोडात राहणारी ती अळी मोठ्या, लांब मिशांच्या भुंगेऱ्याची. शास्त्रात त्याचे कुळनाव सेरॅम्बिक्स. सुमारे तीन वर्षे ती लाकडाच्या गर्भात एकाकी राहते. तिचे जबडे आखूड, काळे आणि सुताराच्या पटाशीसारखे धारदार. लाकूड कातरावयाचे, त्यातील सत्त्व शोषावयाचे आणि उरलेला भुसा मागे टाकीत पुढे सरकावयाचे, एवढाच तिचा उद्योग. पाय आहेत, पण नावापुरते. चालते ती पाठीवरच्या आणि पोटावरच्या फुगवट्यांनी, भुयाराच्या दोन्ही भिंतींना रेटा देत. सपाट जागी ठेवली तर ती असहाय होते. फाब्र यांनी तिची इंद्रिये एकामागून एक तपासली. डोळे नाहीत. जवळ कर्कश आवाज केला तरी ती चाळवत नाही. उग्र वासाचे सायप्रसचे लाकूड आणि कापूर ठेवला तरी तिला पत्ता लागत नाही.

आणि तरीही हा जवळजवळ ज्ञानेंद्रियहीन जीव भविष्याची तरतूद करतो. कोश होण्याची वेळ आली की खोडाच्या आत राहणारी अळी सालीकडे वाट कोरते आणि बाहेर पडण्याच्या जागी अगदी पातळ पापुद्रा ठेवते. मग थोडी मागे येऊन ऐसपैस खोली करते, तिच्या भिंतींना लाकडाच्या तंतूंचे अस्तर लावते आणि दाराशी चुन्याचे झाकण बसविते. शेवटी डोके दाराकडे करून निजते. डोके दुसऱ्या बाजूला राहिले असते तर कडक कवचाच्या भुंगेऱ्याला त्या खोलीत वळता आले नसते आणि ती खोलीच त्याची कबर झाली असती. भुंगेरा स्वतः वाट कोरू शकतो काय, हेही फाब्र यांनी पडताळून पाहिले. ओकची शकले पोखरून त्यांत भुंगेरे ठेवले आणि शकले पुन्हा बांधून टाकली. उन्हाळ्यात उघडून पाहिले तर आत चिमूटभर भुसा आणि मेलेले भुंगेरे. म्हणजे बाहेरचा मार्ग अळीच तयार करते. लाकडातले छिद्र भुंगेऱ्याने पाडले असे मानणारा माणूस खऱ्या कामगाराला विसरतो.

असे पाहत गेले की एकसारख्या वाटणाऱ्या अळ्या वेगळ्या होऊ लागतात. लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी लांबट, मांसल आणि फुगवट्यांनी चालणारी. बुप्रेस्टिसची अळी बिनपायांची. तिचा पुढचा भाग रुंद व चपटा आणि मागचा भाग निमुळता. शेणकिड्यांच्या विस्तृत गोतावळ्यातील अळ्या धनुष्यासारख्या वाकलेल्या, तपकिरी डोक्याच्या आणि सहा पायांच्या. शिंगाडे भुंगेरे म्हणता येतील अशा ल्युकॅनस वर्गाच्या अळ्या तशाच दिसतात. पण त्यांच्या शेवटच्या वलयावरील गुदद्वाराची चीर उभी असते, तर शेणकिड्यांच्या गोतावळ्यात ती बहुधा आडवी असते. सोनेरी सेटोनियाची अळी जमिनीवर ठेवली तर पाय असूनही पाठीवर उताणी होऊन चालते. फाब्र यांनी या विचित्र चालीचे वर्णन मोठ्या रसाने केले आहे. चिमटा, भिंग, काचेची बरणी आणि पुरेसा वेळ, यांहून अधिक साधने या ओळखीला लागत नाहीत. यांतील वेळ मात्र कोठे विकत मिळत नाही.

प्राचीन रोमन लोक चवीने खात असलेली लाकडातली अळी नेमकी कोणती, हा वादही त्यांनी आपल्या पद्धतीने हाताळला. पाइनच्या कुजक्या बुंध्यातून मोठ्या भुंगेऱ्याच्या अळ्या काढून त्या निखाऱ्यावर भाजल्या आणि घरच्या मंडळींसह व मित्रांसह खाऊन पाहिल्या. चव भाजलेल्या बदामासारखी लागली. कातडी मात्र चिवट निघाली. ग्रंथातील शब्दाचा अर्थ लावण्यासाठी ताटापर्यंत जाणारा हा अभ्यासक विरळाच.

तथापि फाब्र यांची पूजा बांधण्याचे कारण नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ च्या ग्रंथात त्यांच्या निरीक्षणाचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला, पुढे त्यांना प्रयोगही सुचविले. फाब्र यांनी मात्र उत्क्रांतीचा सिद्धान्त अखेरपर्यंत मानला नाही. सहजप्रेरणा ही पहिल्यापासून पूर्ण आणि अचल असते, या मतावर ते अडून बसले. गांधीलमाशीच्या दंशात त्यांना जेवढी अचूकता दिसली, तेवढी ती सर्वत्र नसते, असे नंतरच्या अभ्यासकांना आढळले. संग्रहालयातील वर्गीकरणकारांची ते थट्टा करीत. पण त्यांनी ज्याच्यावर इतके लिहिले तो पवित्र शेणकिडा म्हणजे त्याच कुळातील दुसरी जात होती, असे पुढे ठरले. वागणूक पाहणाऱ्याला नावाची शिस्त लागते आणि नाव देणाऱ्याला वागणुकीची. या दोहोंतील एकाच्या बळावर दुसऱ्याला हिणविणे हा मोठ्या माणसाचाही दोष ठरतो.

त्यांचे म्हातारपण पुन्हा ओढगस्तीत गेले. पाठ्यपुस्तकांचा खप घटला. १९१० साली चाहत्यांनी त्यांचा सत्कार घडवून आणला आणि जगाला जणू ते नव्याने सापडले. १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्वँकारे त्यांच्या भेटीला गेले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांचे निधन झाले. आर्मास १९२२ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयाकडे गेले.

फाब्र यांच्या ओंडक्यातल्या त्या भुंगेऱ्याच्या कुळाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. एके काळी ओकची खोडे बिघडविणारा म्हणून बदनाम असलेला सेरॅम्बिक्स सेर्डो हा मोठा भुंगेरा युरोपात अनेक ठिकाणी दुर्मीळ झाला, कारण जुने, पोकळ, मरणपंथाला लागलेले ओकवृक्ष साफसफाईच्या नावाखाली तोडले गेले. १९९२ च्या युरोपीय अधिवास-निर्देशान्वये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. म्हणजे लाकडातील एखादी अळी कोणाची, हा प्रश्न आता केवळ हौशी माणसाचा राहिलेला नाही. झाड तोडावे की राखावे, याचा निर्णय त्यावर ठरतो.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. शेणखताचा खड्डा उपसताना पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघाल्या की शेतकरी त्या सगळ्यांना हुमणी म्हणतो आणि भीतीने सगळ्यांचा नाश करतो. हुमणी उसाची मुळे खाते, हे खरे. नारळाच्या बागेत गेंड्या भुंगा माजतो तो अशाच खतातून आणि कुजलेल्या माडाच्या खोडातून वाढलेल्या अळ्यांमधून, हेही खरे. पण त्याच खड्ड्यात केवळ कुजका पाला खाऊन त्याचे खत करणाऱ्या निरुपद्रवी अळ्याही असू शकतात. एखादी अळी जमिनीवर ठेवावी आणि थोडा वेळ पाहावे. ती उताणी होऊन पाठीवर चालू लागली तर ती सेटोनियाच्या नात्यातली असण्याचा संभव मोठा. शंका उरली तर शेवटच्या वलयाच्या खालच्या बाजूवरील केसांची मांडणी भिंगातून पाहावी. जाणकार हुमणीच्या जाती त्यावरून ओळखतात. शत्रू आणि मित्र यांतील फरक येथे अक्षरशः बोटभर लांबीचा आहे.

शाळेत जीवशास्त्र शिकविताना अळी, कोश आणि कीटक यांची चित्रे फळ्यावर काढली जातात, मुले ती वहीत उतरवितात आणि परीक्षेत गुण मिळवितात. त्या मुलांपैकी कितीजणांनी एक अळी बरणीत पाळून तिचा भुंगेरा होताना पाहिला असेल? त्यासाठी अनुदान लागत नाही, प्रयोगशाळेची इमारत लागत नाही. आंब्याच्या किंवा माडाच्या कुजक्या खोडाचा एक तुकडा, त्यातलाच भुसा, तोंडाला जाळी बांधलेली बरणी आणि दर आठवड्याची एक नोंद एवढे पुरे. काही अळ्यांना महिने लागतील, काहींना वर्षाहून अधिक. ज्या वर्गाने ती सुरू केली, तो पुढच्या इयत्तेत गेल्यावर कदाचित भुंगेरा बाहेर येईल. तोवर बरणीवरच्या चिठ्ठीत नावाची जागा कोरीच ठेवावी. ७०० फ्रँक पगाराच्या त्या मास्तरालाही ती बराच काळ कोरी ठेवावी लागली होती.